झुनींच्या लाकडी बाहुल्या आणि त्यांचे कोक्को

चांदणचुरा (अल्बुकर्की)

न्यू मेक्सिकोत फिरायला येणारी आपली माणसं परत जाताना हमखास एक लाकडी बाहुली घेऊन जातात. डोक्यावर पिसं, अंगावर सशाची फर, पायात चामड्याचे बूट आणि तळाला ‘झुनी’ किंवा ‘होपी’ असं लिहिलेलं. मग मंडळाच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते: ही कुठली देवी? देवघरात ठेवली तर चालेल का? मुलांना खेळायला दिली तर? एकेकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हणून हा धागा काढते आहे.

झुनी पुएब्लो हे गाव न्यू मेक्सिकोच्या पश्चिम कडेला, गॅलपपासून साधारण ३५ मैल दक्षिणेला आहे. इथले लोक स्वतःला आशिवी म्हणवतात आणि आपलं गाव जगाच्या मध्यावर वसलेलं आहे असं मानतात. त्यांच्या भाषेचं दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. १५४० साली कोरोनाडोच्या स्पॅनिश फौजेने त्यांच्या हाविकू गावावर चाल केली, १६२९ पासून मिशनरी येऊ लागले, चर्च उभं राहिलं. तरीही मूळ धर्म गेला नाही. गावातल्या जुन्या ग्वादालूपे चर्चमध्ये ॲलेक्स सिओटेवा या झुनी चित्रकाराने १९७० पासून, पुढे मुलांना हाताशी घेऊन, भिंतींवर माणसाएवढ्या उंचीचे कोक्को रंगवले. एका भिंतीवर हिवाळ्याचे, समोरच्या भिंतीवर उन्हाळ्याचे, आणि मध्ये ख्रिस्ताची वेदी.

हे कोक्को कोण, ते समजल्याशिवाय बाहुली कळत नाही. शेजारच्या ॲरिझोनातले होपी लोक ज्या आत्मरूपांना कात्सिना म्हणतात, जवळपास तेच हे. झुनींची कथा अशी आहे की पूर्वज जगाचा मध्य शोधत निघाले असताना वाटेत एक नदी आडवी आली. पाण्यात उतरल्यावर आयांच्या अंगावरच्या पोरांची रूपं बदलायला लागली. पोरं चावायला, ओरबाडायला लागली. काही आया घाबरल्या आणि त्यांनी पोरं सोडून दिली. ती पोरं बुडाली, पण मेली नाहीत. तळ्याच्या तळाशी त्यांचं गाव वसलं आणि तिथे ती नाचत-गात राहिली. तेच कोक्को. त्या जागेचं नाव कोल्हूवालावा. झुनी नदी आणि लिटल कोलोरॅडो जिथे मिळतात त्या भागात, ॲरिझोनात, ती आजही आहे. माणूस मेला की तिकडे जातो आणि ढग होऊन, पाऊस घेऊन गावाकडे परत येतो.

पुढचा भाग मला सगळ्यात हृद्य वाटतो. आपली माणसं दुःखी आहेत म्हणून सुरुवातीला कोक्को स्वतः गावात नाचायला यायचे. पण ते परत निघाले की गावातलं कुणीतरी त्यांच्याबरोबर जायचं, म्हणजे मरायचं. तेव्हा कोक्कोंनीच सांगितलं की आता आम्ही देहाने येत नाही. आमचे मुखवटे करा, आमच्यासारखे नाचा, आम्ही त्यात येऊन उभे राहू. तेव्हापासून मुखवटा घालून नाचणारा माणूस हा वेश घेतलेला नट राहत नाही, तेवढ्या वेळापुरता तो कोक्कोच असतो.

बाहुली हे त्याच कोक्कोचं लहान रूप. मुलगे वयात येण्याच्या सुमारास कोक्कोंच्या मंडळात घेतले जातात. गावात अशी सहा किवा मंडळं आहेत (किवा म्हणजे धर्मविधींची खोली), सहा दिशांची सहा. मुलींना सहसा ही दीक्षा नसते, पण बाहुली त्यांच्या हाती येते. कुठल्या कोक्कोचा चेहरा कसा, पिसं कुठली, अंगावर रंग कुठला, हे पोर बोलायला लागायच्या आधीपासून डोळ्यांना ओळखीचं होतं. मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप पार पडावं, या मागण्याशीही बाहुली जोडलेली आहे. पूजेला बसवण्याची ही मूर्ती नव्हे, तेव्हा देवघराचा प्रश्न येत नाही. पण शोभेची वस्तूही नव्हे.

---

माणदेशी

ताई, फार सुंदर लिहिलंय. मेलेली माणसं पाऊस होऊन येतात हे वाचून थांबलोच. तिथे पाऊस किती पडतो? शेती काय करतात?

---

चांदणचुरा

माणदेशी, वर्षाला साधारण १२ इंच. उन्हाळ्याच्या शेवटी वळवासारखा येतो आणि कुठे पडेल याचा भरवसा नाही. पीक मुख्यतः मक्याचं. भाजीचे वाफे तर बघण्यासारखे असतात. मातीचे बांध घालून हातभर लांबी-रुंदीचे चौकोन पाडतात, एकाला एक लागून, आणि प्रत्येकात तांब्याने पाणी घालावं तसं घालतात, थेंब बाहेर जात नाही. म्हणून त्यांच्या प्रार्थनेत आधी पाऊस येतो, मग मका, मग मुलंबाळं.

---

सुतारपक्षी

लाकूड कुठलं वापरतात? सांधे कसे करतात? फोटोत एका बाहुलीचे हात हलते वाटले.

---

चांदणचुरा

बरोबर पाहिलंत. हलते हात ही जुन्या झुनी बाहुलीची मोठी खूण आहे. होपी कोरणारे कॉटनवुड झाडाचं मूळ वापरतात. हलकं, मऊ, चाकूला पटकन वश होणारं, आणि पाण्याचा माग काढत गेलेलं, म्हणून पावसाच्या प्रार्थनेला शोभणारं. झुनी बाहुली पुष्कळदा पाइनच्या लाकडाची असते. अंग उंच, सडपातळ, पाय लहान. हात वेगळे कोरून खांद्याला खुंटीने किंवा खिळ्याने अडकवलेले, त्यामुळे पुढे-मागे झुलतात. होपी कोरणारा कपडे बहुतेक लाकडातच कोरतो किंवा रंगवतो. झुनी मात्र बाहुलीला खरे कपडे घालतो.

संग्रहालयाच्या काचेआडची एक जुनी बाहुली मी बराच वेळ निरखली आहे. कमरेला सुती कापडाचा पांढरा पट्टा, त्याची गाठ उजव्या अंगाला, आणि गाठीची दोन्ही टोकं एकसारखी सोडलेली. गळ्यात मण्यांची माळ, मणी मोहरीएवढे. मागच्या बाजूला फरची एक पट्टी लोंबत होती, कारण नाचणाऱ्याच्या कमरेला मागे कोल्ह्याचं कातडं असतं. काचेसमोर उभं राहणाऱ्याला ती पट्टी दिसतही नाही, वाकून बाजूने बघावं लागतं. करणाऱ्याने बघणाऱ्यासाठी केलेलंच नव्हतं ते. कोक्कोला मागे कातडं असतं, म्हणून बाहुलीलाही हवं.

---

ऋचा_फीनिक्स

मी फीनिक्सला राहते. इथल्या हर्ड म्युझियममध्ये ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ साली दिलेला ४३७ बाहुल्यांचा संग्रह आहे, पण तो होपींचा. तिथे फिरताना जाणवतं की जुन्या बाहुल्या साध्या, ताठ, हात पोटावर घेतलेल्या, आणि अलीकडच्या म्हणजे नाचातला क्षण पकडलेली शिल्पंच, एक पाय उचललेला, पिसं वाऱ्यावर. पिसंसुद्धा लाकडाची! हा बदल पर्यटकांमुळे झाला का?

---

चांदणचुरा

काही अंशी. गिऱ्हाईक आलं, कोरणाऱ्याला नाव मिळू लागलं, बक्षिसं आली. पण लाकडी पिसांमागे कायदाही आहे. १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आणि १९४० चा गरुड संरक्षण कायदा यांमुळे गरुडाची आणि कितीतरी पक्ष्यांची पिसं लावलेली वस्तू विकता येत नाही. विक्रीच्या बाहुलीला खरी पिसं लावायची सोय उरली नाही, तेव्हा होपी कारागिरांनी पीसच लाकडात कोरायचं कसब कमावलं. काय कोरतात! एकेक तंतू दिसतो.

होपींकडे बाहुली द्यायची वेळ ठरलेली असते. फेब्रुवारीतला पोवामुया आणि जुलैतला निमान, या वेळी कात्सिना स्वतः ती मुलींच्या हातात देतात. बाजारासाठी कोरायचं आणि मुलीला द्यायचं, हे दोन्ही त्यांच्याकडे शेजारी शेजारी चालू आहे. झुनींनी मात्र बाजाराला फारशी वाट दिली नाही. खुद्द झुनीतली दुकानं चांदी, नीलमणी आणि दगडी प्राण्यांनी भरलेली असतात. कोक्कोच्या बाहुल्या तिथे क्वचित. हायवेवर ‘झुनी’ म्हणून ज्या मिळतात त्यातल्या पुष्कळ बाजारासाठी नावाहो या शेजारच्या जमातीतल्या कारागिरांनी केलेल्या असतात. त्यांच्या हातचं काम वाईट असतं असं नाही, पण त्या बाहुलीच्या मागे कोक्को नाही.

---

गोफण

ओळखायच्या कशा, थोडं सांगा ना. म्हणजे संग्रहालयात गेलो तर हा अमुक, हा तमुक असं कळेल.

---

चांदणचुरा

जेवढं झुनींनी स्वतः उघड्यावर येऊ दिलंय तेवढं सांगते.

सगळ्यात पटकन ओळखू येतो तो शालाको. निमुळता उंच देह, पांढरं कांबळं, पक्ष्याची चोच, डोक्याला वर वळलेली शिंगं, गळ्याभोवती कावळ्याच्या पिसांची काळी झालर. प्रत्यक्षात तो दहा फुटांच्या आसपास असतो. आत एक माणूस काठीवर ते सगळं पेलतो आणि चोच दोरीने उघड-मिट करतो, तिचा टक-टक आवाज रात्री लांबवर ऐकू जातो म्हणतात. असे सहा शालाको नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला गावात येतात आणि नव्या बांधलेल्या घरांना आशीर्वाद देतात. ज्या घरी शालाको उतरायचा त्या घराची वर्षभर तयारी चालते, आणि सगळ्या गावाला जेवण असतं.

सायातशा म्हणजे एक लांब शिंगवाला, चेहऱ्याच्या एकाच बाजूला शिंग. शुलावित्सी हा अग्नीचा लहानगा, ही भूमिका लहान मुलाकडे असते. अंग काळं आणि त्यावर रंगीत ठिपके. सालिमोबिया हे चाबूक घेतलेले योद्धे, त्यांचा रंग दिशेवरून ठरतो: उत्तर पिवळी, पश्चिम निळी, दक्षिण लाल, पूर्व पांढरी, वरची दिशा सर्वरंगी आणि खालची काळी. म्हणजे बाहुलीचा रंग आवडीप्रमाणे बदलता येत नाही, रंग बदलला की दिशा बदलली. आणि कोयेमशी, मातकट रंगाचे, डोक्यावर गाठी-गाठी असलेले दहा जण. ते लोकांना हसवतात, पण झुनी माणूस त्यांच्याशी फार आदराने वागतो. वर्षभर त्यांच्यावर जबाबदारी असते, आणि वर्ष संपताना गावकरी त्यांना धान्य, भाकरी, कापड, वस्तूंनी अक्षरशः लादतात.

याच्या पलीकडे, कुठल्या कोक्कोचा मंत्र काय, आत काय ठेवतात, यात मी जाणार नाही. काही गोष्टी जुन्या पुस्तकांत छापल्या गेल्या आहेत. त्या तशा छापल्या जाव्यात असं झुनींना वाटत नव्हतं.

---

तात्या सातारकर

लेखन उत्तम, पण या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ज्ञान लपवून ठेवल्याने कितीतरी विद्या आपल्याकडे लयाला गेल्या. संग्रहालयांनी आणि त्या जुन्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं म्हणूनच आज आपण हे वाचतो आहोत. वस्तू काचेआड सुरक्षित राहिल्या, उघड्यावर असत्या तर वाळवीने खाल्ल्या असत्या. जतन करणाऱ्यांना दोष का द्यावा?

---

चांदणचुरा

तात्या, मुद्दा मनापासून मांडलात म्हणून मीही सविस्तर लिहिते.

१८७९ साली स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेची मोहीम झुनीत आली. त्यात फ्रँक हॅमिल्टन कुशिंग नावाचा बावीस वर्षांचा पोरगा होता. बाकीचे गेले, हा राहिला, १८८४ पर्यंत. भाषा शिकला, गावच्या प्रमुखाच्या घरी राहिला, धनुष्याच्या पुरोहितवर्गात त्याला घेतलं गेलं. झुनींनी त्याला आपलं मानलं, आणि त्याने आतलं बाहेर लिहिलं. एवढंच नाही, झुनींच्या युद्धदेवाची मूर्ती त्याने स्वतःच्या हाताने घडवून ऑक्सफर्डला मानववंशशास्त्रज्ञ टायलर यांना पाठवली. ती तिथल्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे. तुम्ही-आम्ही म्हणू, नक्कलच ना? झुनी तसं म्हणत नाहीत. घडवायची विद्या ज्याला दिली ती त्याने परवानगीशिवाय वापरली, तर झालेली वस्तू खोटी ठरत नाही. ती खरीच असते, पण अनाथ.

यावर एक गोष्ट सांगते. १९५० च्या दशकात कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावच्या बॉय स्काउट मुलांनी पुस्तकं वाचून, मेहनत घेऊन शालाको बनवले आणि नाच बसवला. झुनीतून मंडळी बघायला आली. रागावून निघून गेली नाहीत. त्यांनी बघितलं आणि सांगितलं की हे खरे आहेत, हे घरी आले पाहिजेत. मुलांनी ते झुनींच्या स्वाधीन केले आणि झुनींनी त्यांना गावात नेऊन योग्य जागी ठेवलं. आपल्याला जी नक्कल वाटते ती त्यांच्यासाठी भुकेलेली, सांभाळ मागणारी गोष्ट असते.

आता वाळवीचं. आहायूदा म्हणजे जुळे युद्धदेव. बाहुल्यांपेक्षा हे वेगळे, पण लाकडाचेच. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास थोरला भाऊ हरीण कुळाची माणसं कोरतात आणि धाकटा अस्वल कुळाची. मग त्यांना गावाभोवतीच्या डोंगरांवरच्या उघड्या देवस्थानांत नेऊन ठेवतात. नवीन आले की आधीचे बाजूच्या ढिगात जातात. तिथे ऊन, पाऊस, बर्फ खात ते हळूहळू मातीला मिळतात. ते मातीला मिळणं हेच त्यांचं काम, त्यातूनच त्यांचं बळ जगाला मिळतं. लोकांनी ती देवस्थानं लुटली. मूर्ती उचलून विकल्या, त्या हातोहात संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या घरी गेल्या. काचेआड कोरड्या हवेत ठेवलेला आहायूदा झुनींच्या लेखी सुरक्षित नाही, तो अडकून पडलेला आहे आणि त्याचं बळ भलतीकडे जातं आहे. जगातली युद्धं आणि उत्पात यामुळे वाढतात असं त्यांच्या धर्मप्रमुखांचं म्हणणं आहे.

१९७८ मध्ये सदबीजच्या लिलावात एक आहायूदा विक्रीला आला तेव्हा झुनी उभे राहिले. त्यांनी दंगा केला नाही. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: ही वस्तू गावाची आहे, कुणा एकाला ती विकायचा हक्कच नाही, म्हणजे बाहेर असलेली प्रत्येक मूर्ती चोरीची. ती मूर्ती लिलावातून काढून घेतली गेली. डेन्व्हर आर्ट म्युझियमने १९८० मध्ये आपल्याकडच्या परत केल्या, स्मिथसोनियनने १९८७ मध्ये. १९९० मध्ये अमेरिकेत मूळनिवासींचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा झाला, पण झुनींनी त्याच्या आधीच बरंच काम शांतपणे उरकलं होतं. परत आलेले आहायूदा आता कुलूपबंद कुंपणात आहेत, पण वर छप्पर नाही. चोर आत येऊ नये, पाऊस यावा.

---

तात्या सातारकर

छप्पर नाही हे वाचून तुमचं म्हणणं ध्यानात आलं. लिहून ठेवण्याबद्दल माझं मत कायम आहे, पण कुणी लिहायचं आणि कुणाला विचारून, हा प्रश्न मी धरलाच नव्हता.

---

दाभोसा

माझं गाव जव्हारकडे. आमच्या बोहाड्यात मुखवटे काढायच्या आधी पूजा होते, आणि कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आता शहरातले लोक भिंतीवर लावायला मुखवटे मागतात. आमच्याकडचे काही जण विकायचा वेगळा करतात आणि नाचायचा घरात ठेवतात. त्यामुळे हा धागा दोनदा वाचला. युरोपात असल्या वस्तूंवर कायदा चालतो का?

---

चांदणचुरा

दाभोसा, तुमच्याकडच्या बोहाड्यावर एक स्वतंत्र धागा काढाच, मी वाट बघेन.

अमेरिकेचा कायदा परदेशात चालत नाही, तिथेच घोडं अडतं. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसला होपींच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. होपींच्या बाजूने लोक कोर्टात गेले, कोर्टाने लिलाव थांबवला नाही. डिसेंबरात पुन्हा तेच. तेव्हा अमेरिकेतल्या ॲनेनबर्ग फाउंडेशनने गुपचूप बोली लावून सुमारे ५,३०,००० डॉलरना २४ वस्तू सोडवल्या, २१ होपींच्या आणि ३ सान कार्लोस अपाचींच्या, आणि ज्यांच्या त्यांना परत दिल्या. अशा वस्तू देशाबाहेर न्यायलाच बंदी करणारा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला.

---

गोफण

मग ज्यांनी आधीच बाहुली घेतली आहे त्यांनी काय करायचं? आणि झुनीतून काही घ्यायचंच असेल तर?

---

चांदणचुरा

हायवेवरची नवी बाहुली असेल तर घरात आदराने ठेवा, पोरांना आपटायला देऊ नका, आणि पाहुण्यांना ‘हा झुनींचा देव’ असं सांगू नका. जुनी, झिजलेली, खरी पिसं लावलेली वस्तू कुणी ‘देवस्थानातली’ म्हणून दाखवली तर हातही लावू नका.

घ्यायचंच असेल तर झुनींनी ज्यासाठी स्वतः दुकान मांडलंय ते घ्या. दगडी प्राणी तर अप्रतिम. त्यांनाही दिशा आहेत: उत्तरेला पहाडी सिंह, पश्चिमेला अस्वल, दक्षिणेला बिज्जू, पूर्वेला लांडगा, वर गरुड, जमिनीखाली चिचुंद्रीसारखा मोल. शक्यतो कोरणाऱ्याच्या हातून घ्या आणि नाव लिहून मागा. १९९० च्या कायद्याने मूळनिवासींच्या नावावर खोटा माल विकणं हा गुन्हा आहे, पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. तरी खोटं भरपूर विकलं जातं, म्हणून बिलावर कोरणाऱ्याचं आणि जमातीचं नाव हवंच.

---

ऋचा_फीनिक्स

डिसेंबरात आम्ही चार-पाच कुटुंबं त्या बाजूला येतोय. शालाको बघायला मिळेल का?

---

चांदणचुरा

धरून चालू नका. १९९० मध्ये त्यांनी शालाको बाहेरच्यांसाठी बंद केला होता, आणि त्यानंतर परवानगी त्या-त्या वर्षी ठरते. निघायच्या आधी गावच्या व्हिजिटर सेंटरला फोन करा. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवायचा, ‘आम्ही भारतातून आलोय’ वगैरे सांगायचं नाही. हो म्हणाले तर कॅमेरा आणि फोन गाडीत, वहीत चित्र काढणंही चालत नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि कुणी घराबाहेर उभं राहायला सांगितलं तर बाहेरच उभं राहायचं. थंडी कडाक्याची असते, गाव ६,००० फुटांवर आहे, मुलांना दोन-दोन मोजे घाला. एरवीच्या दिवशी आशिवी आवान म्युझियम बघा. ते झुनींनी स्वतः उभं केलंय आणि आपली गोष्ट तिथे तेच सांगतात. मुक्काम गॅलपला करा, आणि परतीला पूर्वेकडचा एल मोरोचा रस्ता घ्या. तिथल्या कड्यावर १६०५ सालच्या ओन्याते या स्पॅनिश सरदारापासून पुढच्या वाटसरूंनी नावं कोरून ठेवली आहेत, मुलांना फार आवडेल.